डिकीतले साडेपाच घोडे

आपल्याकडे कोणत्याही वस्तूला जरा वय झाले, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "आता हे काढून टाका." दुसरा म्हणतो, "अजून चांगले चालते आहे, कशाला काढायचे?" शिवणयंत्र, पितळी बंब, शिसवी कपाट, भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ, या सर्वांच्या बाबतीत हा वाद आमच्या घरी रीतसर होऊन गेला आहे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांच्या बाबतीत तो उघडपणे होत नाही, एवढेच. २०२५ साली तो मोटारीवरून झाला आणि या खेपेस एक तिसरा पक्ष निघाला. तो म्हणाला, "काढूही नका आणि आहे तशीही ठेवू नका. तिची ताकद वाढवा!" हा तिसरा पक्ष म्हणजे आमचे चिरंजीव.

आमचे घर पहिल्यापासून फियाटवाले. १९८६ साली आम्ही प्रीमियर पद्मिनी घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी. इंजिन १०८९ सीसीचे आणि ताकद चाळीसएक अश्वशक्तीची. त्या चाळीस घोड्यांच्या जिवावर आम्ही कोल्हापूर, पंढरपूर आणि गणपतीपुळे केले, वर सासूबाईंचे लोणच्याचे बरणीसामानही वाहिले. पुढे २०१० च्या दसऱ्याला ह्यांनी लिनिआ टी-जेट घेतली. ही आमच्या पुणे जिल्ह्यातल्याच रांजणगावच्या कारखान्यातली. इंजिन १३६८ सीसीचे आणि ताकद ११४ अश्वशक्तीची. आता तुम्हीच हिशेब करा. इंजिन झाले सव्वापट आणि घोडे झाले जवळजवळ तिप्पट! हे कसे, असे मी तेव्हा विचारले होते, तेव्हा हे म्हणाले होते, "अगं, हिला फुंकणी आहे."

ही फुंकणी म्हणजे टर्बो. आमच्या पिढीतल्या बायकांना ती समजावून सांगावी लागत नाही. चूल तीच, लाकडे तीच, पण फुंकणी मारली की जाळ भडकतो, कारण हवा जास्त मिळते. मोटारीत गंमत अशी, की ही फुंकणी चुलीचा धूरच मारतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या झोताने एक लहानशी चक्की फिरते. तिच्याच दांड्यावर पलीकडे दुसरी चक्की असते, ती बाहेरची हवा कोंडून इंजिनात दाटते. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त जाळता येते, आणि पेट्रोल जास्त जळते म्हणून ताकद जास्त. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअराने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. ती सर्वसाधारण माणसाच्या मोटारीत यायला १९६२ साल उजाडले, तेही अमेरिकेत. आमच्या दारात यायला आणखी अठ्ठेचाळीस वर्षे लागली.

हे गेल्याला २०२५ साली चार वर्षे झाली होती. तोपर्यंत गाडी अधूनमधून बाहेर निघे, मंडईपर्यंत जाई, परत येऊन उभी राही. त्या वर्षीच्या दसऱ्याला तिची पंधरा वर्षे भरणार होती. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे ठेवायची तर आरटीओत तपासून घ्यायची, फी आणि पर्यावरण कर भरायचा, मग पुढची पाच वर्षे मिळतात. सूनबाई काढून टाकण्याच्या पक्षात. मी ठेवण्याच्या. चिरंजीव म्हणाले, "आई, मी ठेवायला तयार आहे. पण तिच्यात आता जीव राहिलेला नाही. पाच वर्षं मीच चालवायची, तर मला हवं ते करू दे. माझ्या बोनसमधून करतो."

"काय काय करणार आहेस, ते सांग."

त्याने कागद पुढे केला. रीमॅप पस्तीस हजार. मोकळा एअर फिल्टर आठ हजार. जाड नळकांड्याचा सायलेन्सर बावीस हजार. एकूण पासष्ट हजार.

मी गेली चाळीस वर्षे घरखर्चाची वही लिहिते. त्या वहीत खर्च कशाचा आणि कशासाठी अशी दोन घरे आहेत, आणि दुसरे घर रिकामे राहिले तर पहिल्या घरात आकडा घालायचा नाही असा नियम आहे. मी म्हटले, "पैसे तुझे असले तरी गाडी घरची आहे. प्रत्येक गोष्ट कशासाठी, ते मला समजावून सांग. समजलं की मी लिहीन, मग तू खर्च कर."

चिरंजीवांनी कपाळावर आठी घातली. पण बापाच्या गाडीचा प्रश्न होता, तो बसला.

फिल्टरपासून सुरुवात झाली. कारखान्याने दिलेल्या फिल्टरला डबा असतो आणि त्याची नळी बाहेरची थंड हवा घेते. हा नवा फिल्टर उघडा, इंजिनाशेजारी बसणारा. मी विचारले, "मग तो बॉनेटखालची गरम हवा ओढणार नाही का? आणि गरम हवा तर विरळ असते ना?" तो म्हणाला, "हो, पण आवाज मस्त येतो." सायलेन्सरचे कारणही आवाजच निघाले. आवाज वाढला म्हणजे जोर वाढला, असे असते तर आमचा प्रेशर कुकर एव्हाना मुंबईला पोचला असता. शिवाय असे सायलेन्सर काढून घेऊन त्यांवर पोलीस रोडरोलर फिरवतात, हे आपण वर्तमानपत्रात पाहतोच. ती दोन्ही घरे रिकामी राहिली.

रीमॅपचे प्रकरण मात्र इतके सोपे नव्हते, आणि ते मी हसण्यावारी नेले नाही. मोटारीत एक लहानसा संगणक असतो. फुंकणी किती जोरात मारायची, पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी कोणत्या क्षणी पाडायची, याचे कोष्टक त्यात असते. हे कोष्टक बदलायचे म्हणजे रीमॅप. साध्या इंजिनात याने फारसे हाती लागत नाही. पण टर्बोच्या इंजिनात हवेचा दाब वाढवता येत असल्यामुळे ताकद खरोखरच वाढते. चिरंजीवांचा पुरावाही बिनतोड होता. याच १.४ लिटरच्या टी-जेट इंजिनातून २०१५ साली आलेल्या अबार्थ पुंटोत कंपनीनेच १४५ अश्वशक्ती काढली होती.

"पण त्या गाडीत नुसतं इंजिनच बदललं होतं का?" मी विचारले.

नव्हते. स्प्रिंगा अधिक घट्ट होत्या, गाडी जमिनीशी अधिक जवळ होती, चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. म्हणजे कारखान्याने घोडे वाढवले तेव्हा लगामही तपासून पाहिला होता.

तरी आम्ही दोघे एका दुकानात गेलो. नाव सांगत नाही, सांगण्याचे कारणही नाही. तिथल्या तरुणाने लॅपटॉप उघडून सांगितले, "काकू, दोन तासांत ताकद दीडशेच्या घरात नेऊन देतो." मी विचारले, "आणि ब्रेक?" तो म्हणाला, "ते नंतर बघता येतील." गाडीचे चाकसुद्धा त्याने वाकून पाहिले नाही. कायद्याचे विचारले. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कारखान्याने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १८२-अ कलमात मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही सांगितले आहे. तो हसून म्हणाला, "संगणकातलं डोळ्यांना दिसतं कुठे?" आता न दिसणे ही परवानगी मानली, तर आपल्याला साखरेच्या डब्याला मुंग्यांविरुद्ध तक्रार करता येणार नाही. विमा कंपनीला न कळवता असा बदल केला आणि उद्या अपघात झाला, तर भरपाई अडू शकते, हे तर त्याने बोलायचेच टाळले.

घरी येताना चिरंजीव गप्प होते. मला त्याची कीवही आली. तरुण माणसाला आपल्या हातात काही जोरकस असावे असे वाटणे, यात गैर काय आहे? त्याच्या वडिलांनाही ते वाटतच होते. नाहीतर साठीला टेकलेला माणूस फुंकणीवाली गाडी कशाला घेतो?

दुसऱ्या दिवशी मी ह्यांच्या जुन्या मिस्त्रींना बोलावले. पद्मिनीही तेच पाहत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "वहिनी, आधी डिकी रिकामी करा."

हे काम मी चार वर्षे टाळले होते. लिनिआची डिकी पाचशे लिटरची, आणि ह्यांना कोणतीही मोकळी जागा पाहवत नसे. आतून निघाले ते असे: दोन सतरंज्या, पाण्याचा मोठा कॅन, पद्मिनीचा जॅक (जो लिनिआला लागत नाही), टोइंगची साखळी, छत्र्या तीन, फरशीचे उरलेले तुकडे, दिवाळी अंकांचे दोन गठ्ठे, आणि ह्यांची फिरायला जायची काठी. सूनबाईंनी रद्दीवाल्याचा काटा आणून वजन केले. साठ किलो! चिरंजीवांनी तिथेच गणित मांडले. गाडीचे वजन साडेबाराशे किलोच्या आसपास, घोडे ११४. साठ किलो उतरवणे म्हणजे साधारण साडेपाच घोडे नव्याने जुंपण्यासारखे. फुकट! काठी मी घरात नेऊन कोपऱ्यात उभी केली. बाकीचे रद्दीवाल्याने नेले.

त्या सामानाच्या तळाशी एक वही निघाली. ह्यांची पेट्रोलची वही. तारीख, किलोमीटर, लिटर, अ‍ॅव्हरेज आणि शेरा. २०१२ च्या पानावर लिहिले होते: "ताम्हिणी. माणसे चार. तिसऱ्या गियरमध्ये चढली, दम लागला नाही. अ‍ॅव्हरेज साडेबारा." शेवटच्या पानांवर अ‍ॅव्हरेज साडेआठवर आले होते आणि शेऱ्यात एकच शब्द होता: "जड."

चिरंजीव ती वही बराच वेळ चाळत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आई, हिची ताकद कमी पडत नाहीये. हिची ताकद हरवली आहे."

मिस्त्री म्हणाले, "मग आधी हरवलेलं शोधू. नवं आणायचं ते नंतर."

आणि हरवलेले ठिकठिकाणी सापडू लागले. पहिले सापडले एका रबरी पाइपात. हवा दाटली की ती तापते. सायकलला हवा भरताना पंप हाताला गरम लागतो ना, तसे. म्हणून टर्बोमधून निघालेली हवा इंटरकूलर नावाच्या जाळीतून थंड करून इंजिनात नेतात. मिस्त्रींनी त्या नळीत हवेचा दाब देऊन वरून साबणाचे पाणी सोडले, आणि जुन्या पाइपाच्या चिरेतून बुडबुडे फसफसून वर आले. फुंकणीलाच भोक! अर्धी फुंकर स्वयंपाकघरात आणि अर्धी चुलीत. पाइप आणि क्लिपा बदलल्या, जाळीत अडकलेली माती आणि किडे धुऊन काढले. साडेतीन हजार.

दुसरे सापडले प्लगमध्ये. टर्बोच्या इंजिनात दाब जास्त असल्याने ठिणगी पडायला अवघड जाते. प्लग झिजून त्यातली फट वाढली, की नेमक्या जोराच्या वेळी ठिणगी चुकते. चार प्लग आणि कारखान्याच्याच नमुन्याचा नवा फिल्टर, चार हजार. कोष्टकाप्रमाणे चांगल्या प्रतीचे इंजिन ऑइल आणि कूलंट, साडेपाच हजार. हे ऑइल स्वस्तातले का चालत नाही, तेही मी विचारून घेतले. टर्बोची चक्की मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि तिचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद करू नये. अर्धा-एक मिनिट संथ चालू द्यावे, नाहीतर तापलेल्या जागी तेलाचा कोळसा होतो. या शहाणपणाला पैसे पडत नाहीत. टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि पाण्याचा पंप यांचे नऊ हजार. यातून ताकद एका घोड्यानेही वाढत नाही. पण बेल्ट तुटला तर सगळेच घोडे एका क्षणात आडवे होतात. मिस्त्रींनी पेट्रोलचे रबरी पाइपही तपासले. २०२५ मध्ये देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले आणि आमच्या गाडीच्या जन्मी तो विचार नव्हता.

मग ते चाकाशी बसले. "साहेब, हे वाचा," ते चिरंजीवांना म्हणाले. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्या टायरवर २३१५ होते. म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी दिसायला चांगली होती, पण रबर दहा वर्षांचे, नखाने दाबले तरी दबत नव्हते. मिस्त्री म्हणाले, "घोडे कितीही जुंपा, रस्त्याला धरणारे हातरुंद चार तुकडेच." चार टायर चौतीस हजार. ब्रेकचे पॅड आणि ब्रेक ऑइल साडेसात हजार. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. नवे डॉट-४ ऑइल २३० अंशांच्या आत उकळत नाही. ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. घाट उतरताना ब्रेक तापतात, ऑइल उकळते, त्यात वाफ होते आणि पेडल पोकळ जाते. ते घर मी वहीत न विचारता भरले. मागच्या सीटवर आमची नात बसते.

एकूण साडेत्रेसष्ट हजार, मजुरी धरून. उरलेल्या दीड हजारातून टायरची हवा मोजायचे मापक आले आणि मिस्त्रींकडे पेढे गेले.

पावसाळा लागल्यावर आम्ही ताम्हिणीमार्गे कोकणात उतरलो. मुळशीच्या पुढे चढ लागला तेव्हा चिरंजीवांनी सगळ्यांना गप्प राहायला सांगितले, जणू परीक्षेचा पेपर सुरू होता. माणसे चार. गियर तिसरा. या इंजिनाचा खरा जोर बावीसशे फेऱ्यांच्या आसपास येतो. त्याखाली फुंकणी पुरती भरत नाही आणि गाडी सुस्त वाटते. हे ओळखून त्याने गियर वेळेवर बदलला, आणि गाडी अशी काही चढली की सूनबाईंनी दरवाज्याची मूठ धरली. चिरंजीव काही बोलला नाही. फक्त कान लाल झाले. लहानपणी पहिला नंबर आला की व्हायचे तसे.

खरी परीक्षा पुढे उतारावर झाली. धुके होते, रस्ता ओला. एका वळणापलीकडे सात-आठ म्हशी रस्ताभर उभ्या. त्याने ब्रेक दाबला. गाडी न डुलता, न घसरता, सरळ रेषेत थांबली आणि पुढे दोन म्हशींची जागा शिल्लक राहिली. नात जागीही झाली नाही. आम्ही तिघे मात्र काही वेळ नुसते म्हशींकडे पाहत बसलो. त्या क्षणी दीडशे घोड्यांचा काय उपयोग होता, हे कुणी कुणाला विचारले नाही.

रीमॅप वाईट, असे मी म्हणणार नाही. ज्याचा क्लच नवा आहे, ब्रेक आणि टायर उत्तम आहेत, जो अधिक ऑक्टेनचे महागडे पेट्रोल प्रत्येक वेळी भरू शकतो, आणि ज्याला कायदा व विमा यांची उत्तरे देता येतात, त्याने आपला विचार करावा. पण तो शेवटचा खर्च आहे, पहिला नव्हे. ज्या इंजिनाच्या पाइपाला चीर आहे त्याचा दाब वाढवणे म्हणजे फुटक्या रांजणात जास्त पाणी ओतणे. शिवाय पस्तीस हजार हा त्याचा पहिला आकडा असतो. वाढलेला जोर आधी क्लचला भेटतो, आणि क्लच घसरू लागला की दुसरा आकडा पुढे येतो. चिरंजीवांच्या आग्रहावरून मी वहीत रीमॅपची एक ओळ मोकळी सोडली आहे. त्याने अजून तिचे नाव काढलेले नाही.

दसऱ्याआधी आरटीओची तपासणी झाली. नोंदणी २०३० पर्यंत वाढली. सूनबाईंनी स्वतः हार आणला आणि गाडीला घातला, तेव्हा घरातला तो पक्षही विसर्जित झाला असे मी समजते.

परवा गाडीच्या कप्प्यात चष्मा शोधताना ह्यांची पेट्रोलची वही हाती लागली. शेवटच्या पानावर "जड" या शब्दाखाली एक रेघ मारली होती आणि खाली नवी नोंद होती: "ताम्हिणी. माणसे चार. तिसरा गियर. दम लागला नाही. अ‍ॅव्हरेज बारा." त्यापुढे दर आठवड्याची नोंद आहे. अक्षर बापाइतके वळणदार नाही, पण बेरीज बरोबर आहे.